गावच्या मैदानावर फुटबॉलचं तंत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, आश्रमशाळांचे क्रीडाशिक्षक आणि गावातल्या मंडळांत संध्याकाळी पोरांना खेळवणारे तरुण यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं विदर्भातली परिस्थिती धरून आहेत: मुरमाचं किंवा काळ्या मातीचं मैदान, मोजके बॉल, मार्चनंतरचं ऊन आणि सुगीत निम्म्यावर येणारी हजेरी. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, बॉल दोन आणि पोट्टे पंचवीस. शिकवावं कसं?

आधी रांग मोडा. एका बॉलमागे पंचवीस जण उभे केले आणि प्रत्येकाला वीस सेकंद लागले, तर पाळी आठ मिनिटांनी परत येते. म्हणजे तासाभरात सात वेळा. एवढ्यावर कोणाचाही पाय बसत नाही, मग ड्रिल कितीही नामी असो.

दोन चांगले बॉल दोन छोट्या सामन्यांना द्या. चारास चार, साधारण ३० × २० मीटरची पट्टी, गोलकीपर नाही, गोल दोन पावलांचा. सोळा जण इथे गुंतले. उरलेल्या नऊ जणांचे तीन-तीनचे गट करा आणि त्यांना स्वस्त रबरी बॉल किंवा चिंध्यांचा बॉल द्या. चिंध्यांचा बॉल घरी होतो: आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा, वरून सुती चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या कड्या ताणून चढवलेल्या. तो उसळत नाही, त्यामुळे पास आणि ड्रिब्लिंगला (बॉल पायाशी ठेवत पळणं) उलट चांगलाच. शूटिंगला आणि छातीवर घ्यायला मात्र चालत नाही. दर सहा-सात मिनिटांनी गट फिरवा.

शाळेला खरेदीसाठी पैसे मिळाले, तर दोन भारी बॉल घेण्यापेक्षा दहा साधे घ्या. बाकी कुठेही तडजोड करता येईल, इथे नाही.

२. कोणत्या वयात काय शिकवायचं?

सहा ते नऊ वर्षांच्या पोरांना बॉल घेऊन पळणं, थांबणं आणि वळणं शिकवा, दोन्ही पायांनी. पास देण्याची सक्ती नको. या वयात पोर बॉल सोडत नाही, तो वयाचा स्वभाव आहे. दहा ते बारा हे तंत्र बसवायचं सगळ्यांत चांगलं वय: पास, फर्स्ट टच (आलेल्या बॉलला पहिला स्पर्श), दोन्ही पाय, एकास एक. तेरा ते पंधरा या वयात तेच सगळं कमी जागेत, कमी वेळात आणि समोर कोणी अंगावर येत असताना करायचं. याच वयात उंची वाढीचा घोळही होतो (प्रश्न १५). सोळापासून जागेनुसार काम सुरू करा. बाजूच्या बॅकला धावतानाचा क्रॉस (कडेने गोलसमोर टाकलेला बॉल), स्टॉपरला (मधल्या बॅकला) लांब पास आणि हेडर, फॉरवर्डला पाठीवर खेळाडू घेऊन बॉल राखणं.

दहा वर्षांच्या पोराला ‘तू बॅक, इथून हलू नको’ म्हणून उभं करणं हा गावोगावचा रिवाज आहे. तो सोडा. उभं राहून तो फक्त उभं राहायलाच शिकतो.

३. बॉल कितव्या नंबरचा घ्यावा, हवा किती भरावी?

आठ वर्षांपर्यंत ३ नंबर, नऊ ते बारापर्यंत ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. शाळेत बहुतेक पाचचाच येतो. लहान पोराच्या पायाला तो जड जातो, मग ते अंगठ्याने ठोसे मारू लागतं आणि ती सवय पुढे निघता निघत नाही. ४ नंबर नसेल तर पाचमधली हवा थोडी कमी करा.

नियमाप्रमाणे दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय. मुरमावर खालच्या टोकाला ठेवा, नाहीतर बॉल टप्पे घेत पळतो. गेज नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबा. अर्धा ते एक सेंटिमीटर दबला पाहिजे. उन्हात पडलेला बॉल टणक लागतो, म्हणून सावलीत आणून तपासा. सुई ओली करूनच वॉल्व्हमध्ये घाला. कोरडी सुई आतलं रबर फाडते आणि मग बॉल रोज सकाळी बसलेला सापडतो.

४. आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. कधी काय घ्यावं?

ओल्या काळ्या मातीत जमिनीवरचा पास तीन-चार मीटरवर मरतो आणि बुटाला ढेकळं चिकटून पाय उचलत नाही. त्या दिवसांत पासिंगचा हट्ट धरू नका. शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिराच्या भिंतीशी हवेतल्या बॉलचं काम घ्या: मांडीवर घेणं, छातीवर घेणं, हातातून सोडून पायाच्या आतल्या भागाने परत देणं. ओल्या मैदानावर सामने खेळवू नका. तेव्हा पडलेले खळगे वाळून दगडासारखे होतात आणि पुढचे तीन-चार महिने प्रत्येक पास उडवतात.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा इथला खरा हंगाम. जमीन कोरडी पण फुटलेली नसते, हवा थंड असते. फर्स्ट टच आणि पासिंगचं सगळं महत्त्वाचं काम या चार महिन्यांत बसवा. उन्हाळ्यात भेगांमध्ये पाऊल अडकून घोटा मुरगळतो, म्हणून भेगा बारीक मुरूम घालून, पाणी मारून, रोलर फिरवून बुजवा. अख्खं मैदान होत नसेल तर २० × १५ मीटरचा एकच तुकडा नीट राखा. तंत्राच्या सरावाला तेवढा पुरतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान कापल्यावर रिकामी झालेली बांधी (बांध घातलेला शेताचा तुकडा) चारास चार सामन्याला नेमक्या मापाची असते. पण धसकटं कापून घ्या आणि तिथे अनवाणी खेळवू नका. सराट्याचे काटे काढायला ओलं पोतं मैदानभर ओढत न्या. काटे त्यात रुतून येतात आणि बॉल वाचतो.

५. एका दिवसाचा सराव कसा आखायचा?

पंचाहत्तर मिनिटं धरली, तर बारा मिनिटं बॉलसकट अंग मोकळं करणं, वीस मिनिटं एकच कौशल्य, वीस मिनिटं तेच कौशल्य विरोधकासमोर, उरलेला वेळ सामना. दहा वर्षांखालच्यांना पन्नास-साठ मिनिटं पुरे, त्यातली निम्मी खेळण्यातच जाऊ द्या. सुरुवातीला मैदानाला दहा चकरा मारायला लावणं बंद करा. दमलेल्या पायांना नवं तंत्र शिकता येत नाही आणि तेवढी धाव पुढच्या खेळात तशीही होते. खुणांसाठी दगड-विटा नकोत. माती भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, जुन्या चपला, चुना किंवा राख वापरा.

एका दिवशी एकच कौशल्य. पास, हेडर, शूटिंग आणि कॉर्नर एका संध्याकाळी उरकले, तर त्यातलं काहीच राहत नाही.

६. साधा पास देतो तर बॉल हवेत उडते नाहीतर भलतीकडे जाते. काय चुकून राहिलं?

चार गोष्टी या क्रमाने तपासा.

टेकीचा पाय, म्हणजे ज्यावर भार आहे तो, बॉलच्या बाजूला जेमतेम वीतभर अंतरावर आणि त्याची बोटं जिथे पास द्यायचा तिकडे. दहापैकी सात चुका इथेच सापडतील. तो पाय बॉलच्या मागे राहिला की अंग मागे झुकतं, पाऊल बॉलच्या पोटाखाली घुसतं आणि बॉल उडतो.

मारणारं पाऊल बाहेरच्या बाजूला पूर्ण वळवलेलं, बोटं किंचित वर, घोटा ताठ. घोटा सैल असला की बॉल फिरकी घेऊन बाजूला वळतो. पोराला पाऊल तसं धरून उभं करा आणि हाताने पाऊल हलवून पाहा. हललं तर घोटा सैल आहे.

स्पर्श बॉलच्या बरोबर मध्यावर, आतल्या घोट्याखालच्या हाडाळ भागाने. बोटांकडच्या मऊ भागाने मारलेला पास मरतो.

मारल्यावर पाऊल लक्ष्याच्या दिशेने पुढे जाऊ द्या. पाय आडवा फिरला की बॉलही आडवा जातो.

पाच मीटरवरून सुरू करा. दहापैकी आठ पास समोरच्याच्या पायापर्यंत जमिनीवरून पोचले की आठ मीटर करा, मग बारा. उडायला लागले की पुन्हा मागे या.

७. बॉल थांबवायला गेला की पायाला लागून दोन मीटर पुढे निसटते. आमचं मैदानही खडबडीत आहे.

‘थांबवायला’ या कल्पनेतच अर्धी चूक आहे. फर्स्ट टच म्हणजे बॉल पुढच्या खेळासाठी जागेवर ठेवणं, एक-दीड पाऊल अंतरावर आणि विरोधक नसलेल्या बाजूला.

गुळगुळीत मैदानावर पाऊल बॉलच्या वाटेत धरून स्पर्शाच्या क्षणी थोडं मागे घेतलं की भागतं. खडबडीत जमिनीवर बॉल शेवटच्या मीटरमध्येही उडू शकतो, म्हणून तिथे तीन बदल करा. एक, उभं राहून वाट पाहू नका. बॉलकडे दोन पावलं पुढे या, म्हणजे त्याला टप्पे खायला वेळच मिळत नाही. दोन, गुडघे वाकलेले आणि पावलं लहान, जेणेकरून शेवटच्या क्षणी सरकता येईल. तीन, उसळता बॉल जमिनीला लागतो त्याच क्षणी पाऊल त्यावर तिरकं झुकवून तो जमीन आणि पाऊल यांच्यात कोंडा. तळव्याने दाबून थांबवणं सिमेंटवर छान चालतं; मुरमावर बॉल जरा उसळला की तळव्याखालून निघून जातो.

बॉल येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे पाहायची सवय याच वेळी लावा. प्रशिक्षकाने पोराच्या मागे उभं राहून हात वर किंवा खाली करायचा. पास घेण्याआधी पोराने ते ओरडून सांगायचं. हे साधं काम नियमित केलं तर सामन्यात लगेच फरक दिसतो.

८. ड्रिब्लिंग चांगली आहे पण मान खालीच. वर पाहतच नाही.

बॉल पायापासून किती लांब जाईल याचा त्याला भरवसा नाही, म्हणून तो खाली पाहतो. ‘वर बघ’ ओरडून हे जात नाही. १० × १० मीटरच्या चौकोनात सात-आठ जणांना बॉल देऊन फिरवा. टक्कर टाळायला वर पाहावंच लागतं. बॉल कमी असतील तर चिंध्यांचे चालतील. मग बाकीच्यांना चौकोनात बिनाबॉलचं पळवा.

पळताना बॉल करंगळीच्या बाजूने, लेसच्या बाहेरच्या भागाने ढकलावा, कारण तिथे पाऊल सरळ राहून धाव मोडत नाही. आतल्या भागाने ढकलत पळणारा पोट्टा बदकासारखा डुलत जातो. गर्दीत प्रत्येक पावलाला स्पर्श, मोकळ्यात तीन-चार मीटर पुढे ढकलून धाव.

९. डावा पाय नुसता चालायपुरता आहे. कसा तयार करावा?

बहुतेक वेळा दोष डाव्या पायाचा नसतो. डाव्याने मारताना अंगाचा भार उजव्यावर येतो आणि त्या पायावर तोल सांभाळायची सवय नसते. म्हणून आधी उजव्या पायावर वीस सेकंद उभं राहणं, मग त्याच स्थितीत डावा पाय झुलवणं, मग तीन मीटरवरून भिंतीशी वीस पास, मग चालत, मग धावत. सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, रोज पाच मिनिटं. छोट्या सामन्यात डाव्या पायाचा गोल दोन धरा. उजव्या पायावर पूर्ण बंदी घालू नका. त्याने खेळ अडतो आणि पोरं वैतागतात. दोन-तीन महिने धीर धरा.

१०. शूट नेहमी बारवरून जाते. आणि सगळे टो मारतात.

वर जाणारं शूट आणि उडणारा पास यांचं मूळ एकच, टेकीचा पाय मागे राहणं (प्रश्न ६). शूटसाठी भर एवढीच: बॉलकडे सरळ न येता थोडं तिरकं या, बोटं जमिनीकडे ताणा, घोटा ताठ, लेसचा हाडाळ भाग बॉलच्या मध्यावर, गुडघा आणि छाती बॉलच्या वर. मारल्यावर त्याच पायावर पुढे उतरता आलं तर अंग मागे झुकलेलं नव्हतं असं समजा.

टो, म्हणजे बोटांच्या टोकाने, मारण्याचं कारण बहुधा भीती असते. बोटं ताणून मारताना पाऊल जमिनीवर घासलं की नख उखडतं, म्हणून पोरं पाऊल वर ओढून घेतात. उपाय म्हणजे आधी हातातून सोडलेला बॉल एका टप्प्यावर मारणं. जमिनीची भीती नाही, लेसचा स्पर्श कळतो. मग हळू घरंगळत येणारा, शेवटी स्थिर बॉल. स्थिर बॉल सगळ्यांत अवघड असतो, आणि आपण नेमकी त्यानेच सुरुवात करतो.

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. बारा वर्षांच्या पोरांना तो लावला की कीपरच्या डोक्यावरून टाकलेला कोणताही बॉल गोल होतो आणि तीच सवय लागते. बांबूचे चार-पाच मीटर रुंद, पावणेदोन मीटर उंच गोल उभे करा आणि बांबू जमिनीत पक्के गाडा.

११. हेडिंग कोणत्या वयापासून?

बारा पूर्ण होईपर्यंत सरावात घेऊ नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्यांना हेडिंग बंद केलं आणि इंग्लंडच्या संघटनेने २०२० मध्ये अकरा वर्षांपर्यंतच्यांच्या सरावातून ते काढलं. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंवर ग्लासगोत झालेल्या २०१९ च्या अभ्यासात, मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट आढळलं होतं.

पुढे शिकवताना हलका बॉल किंवा फुगा, हाताने अलगद टाकलेला. कपाळाने, डोळे उघडे, तोंड बंद, मान ताठ, जोर कमरेतून. आठवड्यातून एकदा, आठ-दहा हेडर बस. ओला जड बॉल किंवा गोलकीपरची लांब किक डोक्यावर घ्यायला लावू नका, मोठ्यांनाही.

१२. मुरमावर गोलकीपरला डाइव्ह कशी शिकवायची? पोट्टा घाबरते.

घाबरतो ते बरोबरच आहे. आधी पडायला जागा करा. पोत्यांत कुटार किंवा तणस भरून शिवा आणि शेजारी शेजारी पसरा, किंवा नदीची वाळू आठ-दहा इंच टाकून घ्या. शिकवण्याचा क्रम: बसून बाजूला पडणं, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवं, मग उभ्याने एक पाऊल टाकून. जमिनीला आधी नडगीची बाजू, मग मांडी, कंबर, खांदा असं एकेक लागावं. कोपर आणि मनगट आधी टेकलं तर हाड मोडतं. बॉलजवळचा हात बॉलच्या मागे, दुसरा वर.

मैदानावर मात्र सरावात डाइव्ह मारायला लावू नका. तिथे पावलं सरकवणं, जागा धरणं आणि दोन्ही अंगठे जवळ ठेवून बॉल पकडणं यावर वेळ द्या. चांगली जागा धरणाऱ्या कीपरला डाइव्ह कमीच मारावी लागते.

१३. मंडळातले खेळाडू पंचवीस-तीस वर्षांचे. त्यांचं तंत्र आता सुधारतं का?

सुधारतं, पण रीत वेगळी. लहान पोर नवं शिकतं. मोठ्याला आधीचं मोडावं लागतं, आणि दबाव आला की जुनंच वर येतं. म्हणून त्याच्या पाच चुकांपैकी एकच निवडा, जी सामन्यात सगळ्यांत महाग पडते. बहुधा ती फर्स्ट टच किंवा पास घेण्याआधी न पाहणं हीच असते. दहा-बारा आठवडे तीच धरा. सुटं ड्रिल थोडं, पाचास दोनचा रोंडो (१० × १० मीटर, कडेच्या पाच जणांनी मधल्या दोघांना चुकवत पास फिरवायचे, फक्त दोन स्पर्श) जास्त.

मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत टोकू नका. बाजूला घेऊन एका वाक्यात सांगा किंवा मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ दाखवा. सरपंचाचा भाऊ असो की दुकानदार, स्वतःचा पाय पाहिल्यावर वाद घालत नाही.

१४. कापूस वेचून, सोयाबीन काढून येणारे खेळाडू संध्याकाळी दमलेले असतात. सराव घ्यावा का?

घ्यावा, पण धावण्याचा भाग काढून टाका. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या माणसाची कंबर आणि मांडीमागचा स्नायू आधीच ताणलेला असतो. त्यावर स्प्रिंट घेतली की तोच स्नायू फाटतो. चाळीस मिनिटं रोंडो, भिंतीशी पास, सेट-पीस (कॉर्नर, फ्री-किक) एवढंच. शूटिंग सुटीच्या सकाळी. सुगीत शाळेतलीही काही पोरं शेतावर जातात. आठ दिवसांनी परत आलेल्याला दंड म्हणून चकरा लावू नका, नाहीतर तो परत येत नाही.

१५. गेल्या वर्षी पोट्टा मस्त खेळे. उंची वाढली आन् खेळ बिघडला.

मुलांत साधारण तेरा-चौदाव्या वर्षी, मुलींत बारा वर्षांच्या आसपास उंची झपाट्याने वाढते. पाय लांबतात, तोल आणि अंदाज चुकतात. तंत्र गेलेलं नसतं, ते नव्या मापाला बसायचं असतं. सहा महिने ते वर्ष जातं. या काळात त्याला संघाबाहेर काढू नका. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखत असेल तर उड्या आणि जोरदार शूट कमी करा, पासिंग चालू ठेवा. महिन्यातून एकदा भिंतीवर उंचीची खूण करा. कोणाची वाढ सुरू झाली ते आधी कळतं.

१६. सरावात सगळं जमते, मॅचमध्ये काहीच नाही. असं का?

कारण सरावात कधी, कुठे, कोणाला हे आधीच ठरलेलं असतं. सामन्यात पाय चालवण्याआधी ते ठरवावं लागतं. बाटल्यांमधून नागमोडी पळणारा पोट्टा बाटल्यांना चकवायला शिकतो. बाटली पाय घालत नाही.

म्हणून प्रत्येक कौशल्य तीन पायऱ्यांनी न्या. पहिली, विरोधक नाही. दुसरी, विरोधक आहे पण अडचणीत: तो चालतच येईल किंवा हात मागे बांधून. तिसरी, खरा विरोधक आणि खरा गोल. पहिल्या पायरीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. दिसायला सुंदर असते, म्हणून मोह होतो.

सामन्यात हवं ते वागणं नियमातून आणा. वळून खेळायला शिकवायचं असेल तर दोन्हीकडे दोन-दोन गोल ठेवा; एका बाजूला गर्दी झाली की खेळाडू आपोआप दुसरीकडे वळतात. पास लवकर हवा असेल तर तीन स्पर्शांची मर्यादा. पण ही मर्यादा एकास एक शिकवण्याच्या दिवशी लावली तर धडाच मारला जातो. आणि खेळ दर मिनिटाला थांबवू नका. पाच मिनिटं चालू द्या, एक चूक निवडा, वीस सेकंदांत दाखवा, शिटी.

१७. मुलींना वेगळं शिकवावं लागतं का?

तंत्र तेच. फरक दोन ठिकाणी. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींत जास्त आहे, म्हणून उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देणं, दोन्ही पायांवर मऊ उतरणं, एका पायावर तोल धरणं हे प्रत्येक सरावात दहा मिनिटं घ्या. फिफाचा ‘११+’ हा साधारण वीस मिनिटांचा वॉर्म-अप चौदा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी याच कामाचा आहे आणि त्याला फारसं साहित्य लागत नाही. दुसरं म्हणजे वेळ आणि कपडे. अंधाराआधी घरी पोचता येईल अशी वेळ ठेवा. शॉर्ट्सखाली पूर्ण लेगिंग नियमाला चालते. स्पर्धेत तिचा रंग शॉर्ट्सच्या मुख्य रंगाशी जुळावा एवढंच. हे पालकांना आधीच सांगितलं की अर्ध्या पोरींची अडचण सुटते.

१८. अनवाणी खेळू द्यावं का? बूट कोणते घ्यावे?

वाळूवर किंवा स्वच्छ मऊ जमिनीवर अनवाणी सरावाने पावलाला बॉल चांगला कळतो. मुरूम, धसकटं, काच असेल तिथे नाही. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. ती झाली का ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आमच्याकडच्या कडक मैदानाला लहान, जास्त संख्येचे रबरी स्टड हवेत. सहा लांब स्टडचे बूट मऊ हिरवळीसाठी असतात. कडक जमिनीवर पाऊल त्यांवर डगमगतं आणि घोट्याला धोका होतो. एक नंबर मोठे ‘पुढच्या वर्षी बसतील’ म्हणून घेतलेले बूट फर्स्ट टच बिघडवतात.

१९. एप्रिल-मे मध्ये सराव बंद ठेवावा का?

बंद नको, हलवा. सकाळी सहा ते साडेसात किंवा ऊन उतरल्यावर. चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात (मेअखेरचे सगळ्यांत तापते दिवस) सकाळचाही वेळ निम्मा करा. दर पंधरा मिनिटांनी पाणी, मागितलं नाही तरी. ओआरएस पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सामन्यातही नियमाने पंच पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत, आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं खेळ थांबवू शकतो.

चक्कर, बरळणं, तापलेलं अंग दिसलं तर उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका.

२०. थ्रो-इन दर वेळी फाउल देतात.

तोंड मैदानाकडे, दोन्ही पावलांचा काही भाग रेषेवर किंवा बाहेर जमिनीला टेकलेला, बॉल दोन्ही हातांनी डोक्यामागून डोक्यावरून. मागचा पाय उचलला जाणं ही नेहमीची चूक. बोटं घासत ओढली तर चालतं. थेट थ्रोवर ऑफसाइड नसतो, हे फॉरवर्डला सांगून ठेवा. आणि थ्रो थेट समोरच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, गोल-किक.

२१. ताईत, कडं, बांगड्या, कानातले टेप लावून चालतात का?

नाही. सगळे दागिने काढावेच लागतात, वर टेप लावणंही मान्य नाही. निघत नसलेलं कडं सामन्याच्या सकाळी साबणाने काढत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी पाहा.

२२. आपल्याच खेळाडूने मागे दिलेला बॉल कीपरने हातात घेतला तर केव्हा फाउल?

खेळाडूने पायाने मुद्दाम कीपरकडे मारला असेल तरच, किंवा आपल्याच संघाचा थ्रो-इन थेट हातात घेतला तर. दोन्हीत अप्रत्यक्ष (थेट गोल न धरली जाणारी) फ्री-किक. डोक्याने, छातीने, गुडघ्याने दिलेला हातात घेता येतो. पायाला लागून चुकून गेलेलाही. पण नियम चुकवायला बॉल पायाने मुद्दाम उडवून स्वतःच हेडरने मागे दिला तर तोही गुन्हा.

नवं म्हणजे, २०२५-२६ च्या नियमांपासून कीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतो. अनेक गावच्या स्पर्धांत जुनाच सहा सेकंदांचा नियम सांगतात, म्हणून सामन्याआधी आयोजकांना विचारा.

२३. डोक्याला मार लागला पण पोट्टा म्हणतो ‘मी ठीक आहे’. खेळवावं का?

नाही, त्या दिवशी पुन्हा नाहीच. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, तेच तेच विचारणं यापैकी काहीही तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू शकतं. रात्री घरच्यांनी लक्ष ठेवावं. उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका किंवा न उठणारी झोप दिसली तर ताबडतोब ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही आधी चालणं, मग हलकी धाव, मग बॉलसह एकट्याने, मग सराव, शेवटी सामना. एका पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परत झाला तर एक पायरी मागे. हेडिंग सगळ्यांत शेवटी.